एका डब्याचे आठ तास

डोंबिवलीहून सकाळी सव्वासातच्या सुमाराची गाडी पकडायची, तर घरातून सातला निघावे लागते. त्याआधी डबे भरून व्हायला हवेत. म्हणजे पोळ्या सव्वासहापर्यंत, भाजी त्याच्याही आधी. गॅस पेटतो पाच वाजता. हा डबा मुंबईतल्या एखाद्या कचेरीत उघडतो तो दुपारी एकला. अन्न शिजणे आणि ते पोटात जाणे यांच्यात आठ तासांचे अंतर पडते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या असंख्य घरांत हे रोज घडते. ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याला काही इतिहास असेल असे आपल्या मनातही येत नाही.

आमचे काम प्रयोगशाळेतले, पण डबा आमच्याही नशिबी आहे. त्यामुळे या आठ तासांत डब्यामध्ये नेमके काय घडते, आणि हे आठ तास आले तरी कुठून, हे प्रश्न आम्हाला बरीच वर्षे खुणावत होते. या लेखात त्यांचा मागोवा घेऊ.

आगाऊ केलेल्या स्वयंपाकाला आपल्याकडे जुना शब्द आहे, 'शिळे'. त्याला चांगला अर्थ कधीच नव्हता. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचे वर्णन येते. तामस आहाराच्या यादीत पहिलाच शब्द 'यातयाम' असा आहे. काही टीकाकार त्याचा अर्थ अर्धेकच्चे असा लावतात, तर बरेच जण 'शिजवून एक प्रहर उलटलेले' असा. प्रहर म्हणजे तीन तास. यावरून त्या काळी जीवाणू ठाऊक होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. तशी घाई आपल्याकडे फार होते. उष्ण हवेत अन्न किती वेळ टिकते याचा अनुभव लोकांना होता, एवढेच यातून दिसते. पण तीन तासांचा आकडा मात्र गणित करून पाहण्यासारखा आहे.

अनुकूल स्थितीत कित्येक जीवाणूंची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, एकाचे ५१२. हेच आठ तास चालू राहिले तर चोवीस वेळा दुप्पट होते आणि एकाचे होतात १,६७,७७,२१६, म्हणजे पावणेदोन कोटींच्या घरात. प्रत्यक्षात वाढ लगेच सुरू होत नाही. जीवाणूंना नव्या जागी रुळायला वेळ लागतो, तापमान नेहमीच अनुकूल नसते आणि अन्नही संपते. तरी तीन तास आणि आठ तास यांतला फरक पावणेतीन पटींचा नाही, हे मुलांना भूमितीश्रेणी शिकवताना दाखवण्याजोगे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अन्नसुरक्षेची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका सूत्रानुसार शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ही मर्यादा प्रहरापेक्षाही कमी आहे, आणि आपला डबा आठ तासांचा.

रेल्वे येण्यापूर्वी या भागात आगाऊ तयारी नव्हती असे नाही. उलट भरपूर होती, पण ती दिवसांची नव्हे, महिन्यांची. ठाण्याची खाडी, भातशेती आणि मिठागरे यांच्या या मुलखात पावसाळ्याचे चार महिने बाहेरून काही मिळणे कठीण. पावसाच्या सुरुवातीला इथे 'आगोट' म्हणतात. आगोटीची बेगमी करणे हे उन्हाळ्यातले मोठे काम असे. कोळी-आगरी वस्त्यांत बांबूंवर बोंबील वाळत, सुकट आणि जवळा वाळे. कल्याणच्या जुन्या वाड्यांच्या गच्च्यांवर आणि अंगणांत पापड, कुरडया, सांडगे पसरलेले असत. बरण्यांमध्ये कैऱ्यांचे लोणचे मुरत असे. भाजणी, मेतकूट, मसाले हीही आगाऊ तयारीच.

या सगळ्यामागचे सूत्र विज्ञानाने स्पष्ट मांडले ते मात्र बऱ्याच उशिरा. विल्यम स्कॉट या ऑस्ट्रेलियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिले की अन्न टिकेल की नाही हे त्यात पाणी किती आहे यावर ठरत नाही, तर त्यातले किती पाणी सूक्ष्मजीवांना वापरता येते यावर ठरते. याला 'जलक्रियता' म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १. बहुतेक जीवाणूंना ०.९ च्या वर लागते, बऱ्याच बुरशांना ०.८ च्या आसपास पुरते, आणि ०.६ च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. वाळवून पाणी काढा, किंवा मीठ-साखर घालून ते बांधून ठेवा, परिणाम एकच. बोंबलाला ऊन आणि लोणच्याला मीठ असे दोन वेगळे उपाय आपल्याला दिसतात. सूक्ष्मजीवाच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडे दुष्काळच.

जलक्रियतेचा हवेतल्या आर्द्रतेशी सरळ संबंध आहे. उघडा ठेवलेला पदार्थ हवेतून ओलावा घेतो किंवा हवेला देतो, आणि शेवटी त्याची जलक्रियता हवेच्या सापेक्ष आर्द्रतेइतकी होते. जुलैमध्ये आपल्याकडे सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे मे महिन्यात कडकडीत वाळवलेला पापड जुलैत उघडा राहिला, तर त्याची जलक्रियता ०.८ कडे सरकणार आणि त्यावर बुरशी येणार. घट्ट झाकणाची बरणी, तिच्या तोंडाला बांधलेला दादरा, 'ओला हात लावू नकोस' असे आजीचे ओरडणे, या साऱ्यांचे स्पष्टीकरण या एका आकड्यात सापडते. वर्गात दोन पापड घेऊन, एक हवाबंद डब्यात आणि एक उघड्यावर ठेवून, रोज वजन केले की मुलांना हे डोळ्यांनी दिसते. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात हा प्रयोग उत्तम होतो.

पण वाळवण हे जेवण नव्हे. रोजचे जेवण शिजवले की लगेच पानात पडत असे. ही साखळी तुटली ती रेल्वेमुळे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊ लागली. सुरुवातीची कित्येक वर्षे रोज मुंबईला जाऊन परत येणारे लोक थोडेच असणार. पण गाडीने एक नवी गोष्ट आणली, मिनिटांची वेळ. त्यातही गंमत अशी की रेल्वेचे घड्याळ आणि शहराचे घड्याळ एक नव्हते. रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले, मुंबई स्वतःच्या. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' शहराने पुढे कित्येक दशके सोडली नाही. स्वयंपाकघराला मात्र स्टेशनच्या घड्याळाप्रमाणेच चालावे लागले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी सुटली. विद्युतीकरण पुढे कल्याणपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पोचले. मग दूर राहून मुंबईत नोकरी करणे शक्य झाले आणि जेवणाच्या वेळी माणूस घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर असणे ही रीतच पडली.

या अडचणीवर मुंबईने दोन उत्तरे शोधली. दोन्ही यंत्राची नव्हती, संघटनेची होती. पहिले उत्तर डबेवाल्यांचे. महादू हवाजी बच्चे यांनी १८९० साली ही व्यवस्था सुरू केली असे मानले जाते. डबा सकाळी नऊ-दहाला घरून उचलायचा आणि साडेबारा-एकपर्यंत टेबलावर पोचवायचा. अन्नशास्त्राच्या दृष्टीने पाहता डबेवाल्यांनी साधले ते हे की शिजणे आणि खाणे यांतले अंतर त्यांनी पुन्हा प्रहराच्या आसपास आणले. त्यांच्या अचूकतेचे कौतुक खूप झाले आहे. या वेळेच्या हिशेबाकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही.

दुसरे उत्तर खानावळींचे. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या कामगारांना घरगुती जेवण घालणाऱ्या बाया एकेका खोलीत पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक करीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, गिरणगाव मोडत गेले, आणि या बायांपैकी कित्येकींचे जेवणारेच उरले नाहीत.

डबेवाल्यांच्या व्यवस्थेत एक गृहीतक होते. सकाळी नऊ वाजता घरात कोणीतरी असते, आणि ते कोणीतरी स्वयंपाक करीत असते. १९६० नंतर गिरगाव-दादरच्या चाळींतून मराठी मध्यमवर्ग जागेच्या शोधात ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकला. घरे मोठी झाली, अंतरेही वाढली. शिवाय त्या घरांतल्या बायका बँकांत, विमा कंपन्यांत, टेलिफोन खात्यात, शाळांत नोकरी करू लागल्या. आता सकाळी नऊ वाजता घराला कुलूप. डबेवाल्याने येऊन उचलायचे काय? डबा बाईबरोबरच सातला बाहेर पडला आणि तीन-चार तासांचे अंतर आठ तासांवर गेले. पुढे ही शहरे केवढी वाढली पाहा. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या जवळ होती, ठाण्याची अठरा लाखांच्या वर.

यंत्रे याच सुमारास घरात आली. बाटलीतला गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास मिळू लागला. गोदरेजचा भारतीय बनावटीचा फ्रिज १९५८ मधला. प्रेशर कुकर बनवणारी हॉकिन्स कंपनी १९५९ साली सुरू झाली. तिचा कारखाना ठाण्यातच, वागळे इस्टेटमध्ये. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते आणि तासाभराची डाळ वीस मिनिटांत शिजते. या यंत्रांनी शिजवण्याचा वेळ खरोखर कमी केला. पण शिजवण्याआधीची कामे, म्हणजे निवडणे, सोलणे, चिरणे, भिजवणे, वाटणे, त्यांनी फारशी कमी केली नाहीत. (मिक्सरने वाटण्याचे कष्ट वाचवले, हे मान्य.) ती कामे कुठे गेली हे पाहायचे असेल तर संध्याकाळी सहाच्या कल्याण गाडीच्या बायकांच्या डब्यात जावे.

मुंबईच्या मुख्य स्थानकापासून ठाणे ३४, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. बसायला जागा मिळाली तर तासाभराचा निवांत वेळ. या वेळात मेथीची जुडी निवडली जाते, मटार सोलले जातात, गवार मोडली जाते, लसणाच्या पाकळ्या सोलून पिशवीत पडतात. घरी पोचेपर्यंत उद्याची भाजी तयार असते. वर्तमानपत्रांनी या दृश्याचे खूप फोटो छापले, बहुधा गमतीने. आम्हाला त्यात एक पक्की रीत दिसते. या बायकांनी स्वयंपाकाचे दोन भाग केले आहेत. जो भाग आदल्या दिवशी केल्याने बिघडत नाही तो आदल्या दिवशी, आणि जो बिघडतो तो सकाळी.

यामागचे शास्त्र पेशीपासून सुरू होते. भाजीच्या पेशीत क जीवनसत्त्व आणि ते नष्ट करणारी विकरे वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात, हवेतला प्राणवायू मिळतो आणि नासधूस सुरू होते. चिरलेले वांगे किंवा बटाटा काळा पडतो तोही अशाच एका विकरामुळे. निवडताना पान देठापासून तुटते, पण पान अखंड राहते. चिरताना मात्र हजारो पेशी फुटतात. म्हणून आदल्या संध्याकाळी मेथी निवडून, कोरडी, कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर विशेष बिघडत नाही. तीच चिरून ठेवली तर सकाळपर्यंत बरेच काही गमावते. चिरून नंतर धुतली, तर पाण्यात विरघळणारी क आणि ब गटातली जीवनसत्त्वे मोरीत जातात. धुवायचे ते चिरण्याआधीच. लसणाचेही तसेच. सोललेली अखंड पाकळी शांत असते, ठेचली की लगेच तो उग्र वास तयार होतो, कारण ठेचल्यावर विकर आणि त्याचा कच्चा माल एकमेकांना भेटतात. स्टेशनाबाहेर चिरलेल्या भाज्यांची पाकिटे मिळतात, तीही दमून आलेल्या माणसाची सोयच. पण ती भाजी किती वाजता चिरली, कोणत्या पाण्याने धुतली, हे पाकिटावर दिसत नाही.

आगाऊ तयारीने अन्न बिघडते हा समज सरसकट खरा नाही. काही वेळा ते सुधारते. मोड आलेल्या मटकीचे उदाहरण घेऊ, आणि त्यासाठी आपल्याला थेट इराकमध्ये जावे लागेल. पहिल्या महायुद्धात तैग्रिस नदीवरच्या कुट या गावी ब्रिटिश-हिंदी फौज डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकली. ही सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ताज्या भाज्या नव्हत्या. हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी बराच काळ घोड्याचे मांस खाल्ले नाही आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. गोऱ्या सैनिकांना घोड्याचे मांस मिळत होते म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला नाही, पण पांढऱ्या पावामुळे बेरीबेरी झाला. त्यांना कणीक मिळू लागल्यावर तो आटोक्यात आला. एकाच वेढ्यात, दोन आहार, दोन रोग. जीवनसत्त्वांचा यापेक्षा स्पष्ट आणि यापेक्षा क्रूर धडा दुसरा क्वचितच सापडेल.

हिंदी सैनिकांच्या शिध्यात डाळी-कडधान्ये होती, पण कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी १९१९ साली दाखवले की तेच कडधान्य भिजवून मोड आणले की त्यात स्कर्व्ही रोखणारा घटक तयार होतो. हा घटक म्हणजे क जीवनसत्त्व, हे कळायला अजून दशकभर अवकाश होता. आपल्याकडे रात्री मटकी भिजत घालून, सकाळी उपसून, फडक्यात बांधून दुसऱ्या दिवशी उसळ करण्याची रीत जुनीच. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते, लोह बांधून ठेवणारे फायटेट कमी होते आणि शिजायला वेळही कमी लागतो. शिजवताना क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, म्हणून थोडी मटकी कच्ची, लिंबू पिळून खावी असे सांगतात. मात्र ओले, उबदार फडके जीवाणूंनाही आवडते. मोडांना वास येऊ लागला किंवा ते चिकट झाले तर टाकून द्यावेत, आणि लहान मुलांना व आजारी माणसांना वाफवलेलेच द्यावेत.

रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवलेल्या कणकेबद्दल घरोघरी वाद होतात. ती काळसर पडते, त्याचे कारण वांग्याचेच, गव्हातले विकर आणि प्राणवायू. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकण लावले की हवा लागत नाही आणि रंग बराच टिकतो. एका रात्रीपुरते यात वावगे काही नाही.

तयार पोळीची गोष्ट निराळी. पोळी कडक होते ती वाळल्यामुळे, असे आपण समजतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ च्या सुमारास, म्हणजे आपली पहिली गाडी धावायच्या सुमारासच, दाखवून दिले की पाव बंद भांड्यात ठेवून त्यातले पाणी जाऊ दिले नाही तरी तो शिळा होतो, आणि गरम केला की पुन्हा मऊ होतो. पाणी तेवढेच, फरक पडतो तो स्टार्चमध्ये. शिजताना विस्कटलेल्या स्टार्चच्या साखळ्या थंड झाल्यावर पुन्हा रांगेत बसतात आणि पदार्थ ताठर होतो. ही क्रिया शून्याच्या थोड्या वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकी फ्रिजमध्ये, सर्वांत वेगाने होते. म्हणून फ्रिजमधली पोळी बाहेरच्या पोळीपेक्षा लवकर चामड होते. ती ठेवायचीच असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावी आणि थेट तव्यावर टाकावी.

आता भाताकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे. 'बॅसिलस सिरियस' हा मातीतला जीवाणू तांदळाबरोबर घरात येतो. उकळल्यावर तो मरतो, पण त्याचे बीजाणू मरत नाहीत. उलट उष्णतेने ते जागे होतात आणि भात कोमट झाला की वाढू लागतात. नॉर्वेचे स्टाइनर हाउगे यांनी १९५० च्या सुमारास ऑस्लोतल्या विषबाधेच्या घटनांमध्ये व्हॅनिला सॉसमधून हा जीवाणू वेगळा केला. शंका उरू नये म्हणून तो वाढवलेला सॉस स्वतः प्यायले आणि आजारी पडून आपले म्हणणे सिद्ध केले. १९७१ पासून ब्रिटनमध्ये फ्राइड राइस खाऊन उलट्या होण्याच्या अनेक घटना नोंदल्या गेल्या. उपाहारगृहांत वेळ वाचवण्यासाठी आदल्या दिवशी भरपूर भात शिजवून रात्रभर बाहेर ठेवीत आणि गिऱ्हाईक आले की परतून देत. आपला फोडणीचा भात तो हाच.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की उलट्या करणारे त्याचे विष उष्णतेला दाद देत नाही. जीवाणू मेला तरी विष तसेच राहते. 'चांगला गरम करून घेतला की झाले' हा नियम इथे लागू पडत नाही. रात्रीचा भात फोडणीला टाकायचा तर तो रात्रीच, जेवणे आटोपताच, पसरट ताटात पसरून गार करून फ्रिजमध्ये ठेवलेला हवा. पसरट ताट का, तर घट्ट पदार्थाला थंड व्हायला लागणारा वेळ त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी चौपट तर वेळ साधारण सोळा पट. आमच्या घरी एकदा उसळीचे खोल पातेले तसेच्या तसे फ्रिजमध्ये ठेवले होते. सकाळी कडेची उसळ गार आणि मधली आंबूस निघाली. वर्गाचा नियम आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत होतो, पातेल्याला लावला नव्हता. आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत ठाणे जिल्ह्यात भारनियमनाने रोज तासन्‌तास वीज जाई, तेव्हा फ्रिज हे एक बंद कपाट होऊन बसे.

मग आठ तासांच्या डब्याने रोज इतकी माणसे आजारी का पडत नाहीत? याचे उत्तर डब्यात काय असते त्यात आहे. भात क्वचित, पोळी नेहमी, आणि पोळीत पाणी कमी असते. भाजी कढईतून वाफाळती निघून थेट डब्यात गेली तर तिच्यात सुरुवातीला जिवंत जीवाणू फारच थोडे असतात, आणि पावणेदोन कोटींचा हिशेब शून्याजवळून सुरू झाला तर फार पुढे जात नाही. ती आधी ताटात काढून, हाताळून, सावकाश भरली तर हा फायदा जातो. दहीभातात आम्लता असल्याने बहुतेक जीवाणूंची वाढ मंदावते. मात्र त्यासाठी दही भात शिजल्यावर लवकर कालवायला हवे, बाराला नव्हे. पोळ्या गरम असताना झाकल्या तर वाफेचे पाणी झाकणाला धरते आणि खाली गळून त्या ओल्या होतात, म्हणून पोळ्या निववून आणि भाजी गरम, असा वेगळा न्याय लावावा. उष्णता धरणाऱ्या डब्यांचे थोडे सांभाळून. जेवणापर्यंत ६० अंशांच्या वर राहिले तर उत्तम, पण दुपारी एकला अन्न जेमतेम कोमट निघत असेल तर मधला बराच काळ ते जीवाणूंच्या आवडत्या तापमानात होते असे समजावे.

गेल्या काही दशकांत ठाण्यात आणि डोंबिवलीत गल्लोगल्ली निघालेली पोळीभाजी केंद्रे हा या इतिहासाचा पुढचा टप्पा. संध्याकाळी गाडीतून उतरलेली माणसे तिथे मोजून पोळ्या घेतात आणि तासा-दोन तासांत जेवतात. खानावळवाल्या बायांचे काम गिरणगावातून उठून उपनगरात आले आणि शिजणे व खाणे यांतले अंतर पुन्हा प्रहराच्या आत आले. पोळी लाटणारी बाई मात्र बहुतेक ठिकाणी बाईच आहे. तिच्या स्वतःच्या घरचा स्वयंपाक ती कधी करते, हे आम्ही एका केंद्रात विचारले. 'इथे यायच्या आधी, चारला उठून,' असे उत्तर मिळाले.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी १९८३ साली एका पुस्तकात दाखवले होते की घरगुती यंत्रे आल्यावर तिथल्या गृहिणींचे काम अपेक्षेइतके घटलेच नाही. पुरुषांची आणि मुलांची कामे यंत्रांनी वाचवली, बाईकडून अपेक्षा तेवढ्या वाढल्या. आपल्याकडे २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. आगाऊ तयारीने पहाटेचा अर्धा तास वाचतो हे खरे. तो अर्धा तास आदल्या संध्याकाळी गाडीत मेथी निवडून भरलेला असतो, आणि तो कोणाचा असतो हे वरच्या दोन आकड्यांवरून कळते.

आठवी-नववीच्या वर्गाला एक काम देता येईल. आठवडाभर प्रत्येकाने वहीत चार रकाने आखावेत. डब्यातला पदार्थ किती वाजता शिजला, किती वाजता खाल्ला, त्याची कोणती तयारी आदल्या दिवशी झाली होती, आणि ती कोणी केली. पहिल्या दोन रकान्यांवरून तासांचे अंतर काढून त्याचा स्तंभालेख करावा. कोणत्या पदार्थांना किती तास चालतात याची चर्चा आलेख समोर ठेवून होऊ शकते. चौथ्या रकान्याचाही वेगळा आलेख काढावा. आणि पुढच्या आठवड्यात मुलामुलींनी मटकी भिजवण्यापासून ती फडक्यात बांधण्यापर्यंतचे काम घरी स्वतः करून, मोडांची लांबी रोज मोजून आणावी.